पोट उतरवायचंय, सुरुवात नक्की कुठून करू? (वय ४१, कंबर १०१)

कासारवडवलीकर | ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसता वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

उंची १७० सेंमी, वजन ८८. परवा लेकीच्या रेनकोटसाठी मापं घेत होतो. तिने टेप माझ्या पोटाला गुंडाळली आणि "बाबा, तुला एकशे एक!" असं ओरडली, जणू शंभरपैकी मार्क मिळालेत. कंपनीच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१२, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आत्ताच नकोत, तीन महिने देतो, पोट उतरवा. कसं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

दिवस असा जातो. सकाळी चहा-पोहे, बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, मग शेअर रिक्षा. दुपारी डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण. पाचला कँटीनमध्ये जे गरम असेल ते. येताना स्टेशनबाहेर बसच्या रांगेत वडापाव, कारण घोडबंदरचा ट्रॅफिक आणि मेट्रोचं काम बघता घरी कधी पोचेन ते देवालाच ठाऊक. रात्री पावणेदहाला पोळी, भाजी, भात. चहा दिवसाला चार, प्रत्येकात दोन चमचे साखर. दारू गटारीपुरती.

जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले, अकरा दिवस गेलो. पहिल्याच दिवशी ट्रेनरने एवढ्या बैठका मारायला लावल्या की दोन दिवस कमोडवर बसताना टॉवेलचा रॉड धरावा लागला.

यूट्यूब बघून डोकं फिरलंय. एक म्हणतो भात सोड, दुसरा म्हणतो तूप खा, तिसरा म्हणतो दिवसभर उपाशी राहा. सकाळी पाऊण तास काढू शकतो. व्यायामाची सवय शून्य. बायको तेल कमी घालायला तयार नाही, तिचं म्हणणं मग भाजी घशाखाली उतरत नाही. काय करू?

बेलापूरचा_बोका | ९ जून, रात्री ११:०५

भात, बटाटा, साखर बंद. महिन्यात ५ किलो. धाग्याचं काम झालं.

तर्री_जास्त | ९ जून, रात्री ११:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बिनलोण्याचे.

वरणभात | १० जून, सकाळी ७:५०

बोकोबा, आयडी बघा माझा. भातावर बोललात तर गाठ माझ्याशी आहे. (हलके घ्या.)

५ किलो उतरतात हे खरं, पण त्यातलं बरंच पाणी असतं. भात-पोळी एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतं. एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. काटा खूश होतो. मग कोणाच्या तरी लग्नात एक पंगत झाली की सगळं परत, आणि माणूस म्हणतो माझा मेटाबॉलिझमच खराब.

कासारवडवलीकर, हिशेब कंटाळवाणा आहे पण एकदा करून टाका. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज साडेपाचशेची तूट हवी. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम धरलं तर रोजचा खर्च अंदाजे सव्वादोन हजार निघतो, म्हणजे खाणं सतराशेच्या आसपास आणायचं. आता तुमच्याच पोस्टमध्ये बघा: चार चहांची साखर आठ चमचे, १६० कॅलरी. बसच्या रांगेतला वडापाव तीनशेच्या घरात. जेवणाच्या ताटाला हात न लावता साडेचारशे इथेच सापडल्या. भात कशाला सोडताय?

तो वडापाव चालून जिरवायचा म्हटलं तर तुमच्या वजनाला पाचेक किलोमीटर पडतील. त्यामुळे "खाल्लं तर काय, उद्या जास्त चालू" हा सौदा तोट्याचा आहे.

मीठमिरची | १० जून, सकाळी १०:१५

सगळं वाचलं आणि एका वाक्यावर अडकले. "बायको तेल कमी घालायला तयार नाही." दादा, तुमच्या पोटाची आरोपी तीच का? ४१ वर्षांच्या माणसाला फोडणी देता येत नाही का?

आणि तेल किती जातं हे तुम्हाला तरी माहीत आहे का? चमच्याने नका मोजू, कोणी मोजत नाही. घरात तेलाचा डबा किती दिवसांत संपतो आणि माणसं किती, एवढं सांगा. आमच्याकडे वाशीला हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी स्वतः गार पडले होते.

कासारवडवलीकर | १० जून, रात्री ९:५८

मीठमिरचीताई, वाक्य मागे घेतो. बायकोने हा धागा वाचलाय. पुढचं विचारू नका.

ऑर्डरची हिस्टरी काढली. पाच लिटरचा डबा १२ मेला आला, पुढचा ६ जूनला. २५ दिवस. माणसं चार: आम्ही दोघं, लेक, आई. म्हणजे दिवसाला २०० मिली, माणशी ५०. एवढं तेल आम्ही पितो?

वरणभात | १० जून, रात्री १०:२०

५० मिली म्हणजे ४६ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या चारशेच्या वर. आणि शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं, तूप यातलं तेल या हिशेबात नाहीच.

तर्री_जास्त | १० जून, रात्री १०:२४

माझ्याकडे बघू नका. मामलेदार मिसळीची तर्री हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे.

मीठमिरची | १० जून, रात्री १०:४१

आता उपाय. डबा पुरेल तेवढा पुरवायचा, पन्नास दिवस हे लक्ष्य धरा. तेल घालायला बाटली नको, चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला तीन चहाचे चमचे पुरतात. मोहरी तडतडायला खोल तेल लागत नाही, कढई नीट तापलेली लागते. कांदा करपायला लागला की आणखी तेल ओतू नका, पाण्याचा हबका मारा. वांग्याची काप तव्यावर झाकण ठेवून होतात. आणि पोळीला वरून तेल लावायचं ते एका बाजूलाच. आईंना हे शेवटचं लगेच दिसेल, आधी सांगून ठेवा.

फिजिओताई | ११ जून, दुपारी २:३०

नेरूळला फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त व्यायामाबद्दल लिहिते.

टॉवेलचा रॉड धरणारे पेशंट माझ्याकडे दर फेब्रुवारीत येतात. चूक त्यांची नसते. दहा वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शंभर बैठका द्यायच्या नसतात.

पहिले तीन आठवडे फक्त चाला. किती वेगाने? सोबतच्याशी बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला किमान १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, आणि ती तुकड्यांत भरली तरी चालतात. ऐरोली स्टेशन ते ऑफिस किती आहे? शेअर रिक्षा सोडता आली तर सकाळचा पाऊण तास दुसऱ्या कामाला मोकळा होईल. ८८ किलोवर सिमेंटच्या रस्त्यावर धावायला लागू नका, गुडघे लगेच बोलतील.

दुसरं काम म्हणजे ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा. खाणं कमी केलं की शरीर चरबीसोबत स्नायूही मोडायला लागतं. स्नायूंना काम दिलं आणि पोटात प्रथिनं गेली तर ते टिकतात. जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहा वेळा. भिंतीवरचे जोर, ते सोपे वाटले की ओट्यावर, मग जमिनीवर. लॅपटॉपच्या सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी घालून, कमरेतून वाकून ती पोटाकडे ओढायची. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता यायला हवा. आठवड्याला एखादा आकडा वाढवा.

नवखा_नेरूळ | ११ जून, दुपारी ३:०२

फिजिओताई, फक्त पोट कमी करायचा व्यायाम सांगा ना. आणि तो घाम आणणारा पट्टा मिळतो तो घेऊ का? हात-पाय माझे काड्या आहेत.

फिजिओताई | ११ जून, दुपारी ३:४०

पोटाचे व्यायाम करून पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी तिथूनच जाईल असं नसतं. ती कुठून आधी उतरणार हे तुमच्या हातात नाही. पट्ट्याने घाम जातो, दोन ग्लास पाणी प्यायलात की परत येतो.

वरणभात | ११ जून, सायंकाळी ६:१०

चरबी घामातून जातच नाही मुळी. तिचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणून लगेच नाकपुडी धरून बसू नका, जास्त श्वास घेऊन काही होत नाही. आधी जाळावी लागते.

आणि नेरूळकर, काड्या हात-पाय आणि पुढे आलेलं पोट ही आपल्याकडची खास गोष्ट आहे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटिश जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यामुळे "माझं वजन तर नॉर्मल आहे" यावर भारतीय माणसाने फार विसंबू नये. आपल्यासाठी बीएमआयची रेघही २३ वर ओढतात, आणि कमरेची पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०.

टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून मोजलंत तर फसवणूक आमची नाही, तुमचीच.

नौपाड्याची_आजी | १२ जून, सकाळी ५:४८

मुलांनो, सगळं छान लिहिलंय. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मी ६४ वर्षांची, मधुमेहाच्या गोळ्या चालू. चार वर्षांपूर्वी मीही कोणाचं तरी ऐकून रात्रीचं जेवण सोडलं, गोळी मात्र तीच घेत राहिले. कचराळी तलावाला तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली, घामाने भिजले. एका मुलीने बाकावर बसवून तोंडात साखर घातली म्हणून आज लिहिते आहे. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा. ते डोस बदलतात.

त्यानंतर हळूहळू सात किलो उतरले. दोन वर्षं लागली. कोणाला सांगायला लाज वाटते एवढा सावकाश आकडा आहे.

बेलापूरचा_बोका | १२ जून, सकाळी ९:२०

आजी, दंडवत. पण दोन वेळाच जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज पाऊण तास चालायचं, ही डॉ. दीक्षितांची पद्धत मी पाळली आणि ११ किलो उतरवले. पारसिक हिलवर रोज सकाळी असतो, येऊन बघा.

वरणभात | १२ जून, सकाळी ९:४५

उतरले असतीलच, कोण नाही म्हणतंय. मधलं सगळं चरणं बंद झालं की तूट आपोआप पडते. ज्याला दोन जेवणं झेपतात त्याने जरूर करावं. ज्याला संध्याकाळी भुकेने कलीगवर ओरडावंसं वाटतं त्याने तीनदा जेवावं. भांडण पद्धतीशी नाही, "हीच एक खरी" म्हणण्याशी आहे.

बेलापूरचा_बोका | १२ जून, सकाळी ९:५१

कलीगवर ओरडतो हे खरं आहे.

कासारवडवलीकर | १४ जून, रात्री १०:१०

आभार सगळ्यांचे. प्रथिनांचा हिशेब केला आणि गळपटलो. पोळ्या, वरण, दही सगळं धरून दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास. शाकाहारी नाही, पण घरात मासे-मटण रविवारीच. किती हवीत आणि पावडर न घेता कशी आणायची?

मीठमिरची | १४ जून, रात्री १०:३८

व्यायाम करून वजन उतरवणाऱ्याला किलोमागे १.२ ग्रॅमच्या पुढे सांगतात. ७२ किलोचं लक्ष्य धरलंत तर ८५-९० ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम. मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ ७-८. वाटीभर वरणात ६, तेही डाळ तळाशी दिसत असेल तर. पाहुणे आले की पाणी घालून वाढवतो त्या वरणात निम्मी. ५० ग्रॅम पनीर ९. सोयाचे सुके गोळे ३० ग्रॅम घेतलेत तर १५, सगळ्यात स्वस्त, पण गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा नाहीतर मुलं परत तोंड लावणार नाहीत. बांगडा-बोंबील मधल्या वारीही आणा की, कोणी अडवलंय? पण जूनमध्ये मासेमारी बंद असते, भाव ऐकून आपोआप डाएट होईल. दाण्यांचे लाडू प्रथिनांसाठी खातो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, दाण्यात प्रथिनांपेक्षा तेल जवळजवळ दुप्पट.

आणि मूग भिजवायचं काम तुमचं. रात्री झोपताना. त्याला कॅलरी लागत नाहीत.

कासारवडवलीकर | ३० जून, रात्री १०:२५

तीन आठवड्यांचा हिशेब. वजन ८५.६, कंबर ९९. ऐरोली स्टेशनपासून ऑफिस १.७ किमी निघालं, वीस मिनिटं. जाऊन-येऊन चालतो. पावसात दोनदा बूट गेले, आता ऑफिसात चपला ठेवल्यात. चहा दोन, साखर अर्धा चमचा. वडापाव शुक्रवारी एक, ठरवून. रोज डब्यासोबत दोन उकडलेली अंडी नेतो, ती साडेपाचला खातो. वासावरून कँटीनमध्ये माझं नाव पडलंय, ते इथे लिहीत नाही.

पोळ्या चारच्या तीन. भात आहे. वरणभाताला सलाम.

कासारवडवलीकर | २४ जुलै, रात्री ११:४०

तेलाचा डबा आज संपला. ४८ दिवस. आणि संपायला आजचाच दिवस मिळाला, गटारी. शेवटचं तेल कोंबडीच्या रश्श्यात गेलं. वजन ८४.२.

तर्री_जास्त | २५ जुलै, सकाळी ८:०५

४८ दिवस वाचून काल आमचा डबा बघितला. आम्ही दोघंच आहोत, आकडा सांगणार नाही. शनिवारी उपवन तलावावर येतोय, ओळख द्या.

कासारवडवलीकर | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

रडायला आलोय. दोन आठवडे काटा ८३.४ वर ठाण मांडून आहे. चालणं तेवढंच, व्यायाम वाढलाय, जमिनीवरचे दहा जोर होतात आता. श्रावणात सोमवार-शनिवार उपवासही केले. आधीच हळू, त्यात हे. माझं शरीर उपासमारीच्या मोडवर गेलं का?

मीठमिरची | २४ ऑगस्ट, रात्री ९:३२

उपवासाला काय खाल्लंत?

कासारवडवलीकर | २४ ऑगस्ट, रात्री ९:३६

साबुदाण्याची खिचडी. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. संध्याकाळी बटाट्याचा चिवडा.

मीठमिरची | २४ ऑगस्ट, रात्री ९:३७

झालं तर मग.

वरणभात | २४ ऑगस्ट, रात्री १०:०२

साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च, त्यात कूट आणि तूप. एक सढळ बशी चारशेच्या पुढे सहज जाते आणि प्रथिनं जी काय ती कुटातली. आठवड्याला दोन दिवस असे गेले की उरलेल्या पाच दिवसांची तूट भरून निघते. उपवास करू नका असं कोण म्हणतंय, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. पण तो वजनाच्या खात्यात जमा धरू नका. ताक, दूध, राजगिरा, फळं यांवर काढता येतो.

दुसरं, चार किलो उतरले तर शरीराचा रोजचा खर्चही थोडा उतरतो. आणि नवे व्यायाम वाढवले की स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात. कंबर मोजलीत का?

कासारवडवलीकर | २४ ऑगस्ट, रात्री १०:११

९५.५. अरे! मोजलीच नव्हती महिनाभर.

फिजिओताई | २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

काटा अडकला आणि टेप सरकली तर तक्रार करायला जागा नाही. आता गणपतीत काय करणार आहात?

कासारवडवलीकर | २५ ऑगस्ट, सकाळी ८:४५

मोदक खाणार आहे. उकडीचे, तूप घालून. त्यावर चर्चा नको.

नौपाड्याची_आजी | २५ ऑगस्ट, सकाळी ९:००

शाब्बास.

कासारवडवलीकर | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

उशीर झाला, गणपतीत धागा उघडायची हिंमत नव्हती. गौरीजेवणापर्यंत दीड किलो वर गेलो होतो. आठवडाभरात त्यातलं बहुतेक पाणीच होतं असं दिसलं. आजचा आकडा ८२.३, कंबर ९४. १४ आठवड्यांत पावणेसहा किलो. बोकोबांच्या महिन्याभराच्या वेळापत्रकापेक्षा फारच मागे. कमरेचं ९० अजून लांब आहे.

रिपोर्ट काल आला. ट्रायग्लिसराइड्स २१२ चे १५८. डॉक्टरांनी "अजून तीन महिने" म्हटलं आणि या वेळी काय खाता तेही विचारलं. मी तेलाच्या डब्याचं सांगितलं तर त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

जिमचा पास डिसेंबरपर्यंत आहे. फिजिओताईंच्या परवानगीने पुढच्या सोमवारपासून जाईन म्हणतो. ट्रेनर तोच आहे.

दुसरा डबा मात्र गणपतीने खाल्ला, ६ तारखेलाच संपला. काही दिवस छोट्या पिशव्यांवर भागवलं, उद्यापासून नवा डबा उघडतोय. आईने त्यावर स्केचपेनने तारीख घालून ठेवलीय, १५ सप्टेंबर. खाली बारीक अक्षरात तिनेच लिहिलंय: "दिवाळी धरून."